ॲपलसॉस केक: साधा, एका भांड्यातला

दालचिनीची काडी

टोपलीतली सफरचंदं मऊ पडायला लागली, सालं सुरकुतली आणि घरात कुणी त्यांना हात लावेना, की हा केक करायचा. क्रीम नाही, थर नाहीत, बीटरही लागत नाही. एक मोठं बोल, हाताचा व्हिस्क आणि स्पॅच्युला, बास.

२० सेंमीच्या चौकोनी टिनसाठी: मैदा २५० ग्रॅम, साखर १७५ ग्रॅम (ब्राऊन असेल तर उत्तम, नसेल तर साधी), बिनवासाचं तेल ११० ग्रॅम, अंडी २, घट्ट आणि बिनसाखरेचा ॲपलसॉस ३७० ग्रॅम म्हणजे साधारण दीड कप, बेकिंग पावडर दीड टीस्पून, बेकिंग सोडा अर्धा टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, दालचिनी पूड दीड टीस्पून, जायफळ पाव टीस्पून, लवंगेची पूड अगदी चिमूटभर. लवंग जास्त झाली की दातदुखीच्या औषधाचा वास येतो, तेव्हा तिथे उदारपणा नको. मनुका किंवा अक्रोड मूठभर, आवडत असतील तर.

आधी सॉस. साधारण ७०० ग्रॅम सफरचंदं सोलून, मधला कडक भाग आणि बिया काढून मोठ्या फोडी करा. जाड बुडाच्या पातेल्यात पाव कप पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर शिजवा. पंधरा-वीस मिनिटांत फोडी चमच्याने दाबल्या की फुटतात. मग घोटायचं आणि झाकण काढून आटवायचं. सगळा खेळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चमच्याने पातेल्याच्या तळाशी एक रेघ ओढा. रेघेत लगेच पाणी झिरपत आलं तर सॉस अजून पातळ आहे. तळ दोन-तीन सेकंद कोरडा दिसला आणि मग दोन्ही कडा सावकाश जवळ आल्या, की आच बंद करा. पूर्ण गार होऊ द्या. कोमट सॉस घातला तर सोडा बोलमध्येच कामाला लागतो आणि ओव्हनपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो.

ओव्हन १७५ अंशांवर तापत ठेवा (पंखा चालू असेल तर १६०), टिनला तेलाचा हात लावून तळाला बटर पेपर घाला. सगळं कोरडं साहित्य एकत्र चाळा. बोलमध्ये अंडी, साखर आणि तेल फेटा, त्यात सॉस घाला, मग कोरडं दोन हप्त्यांत. मैद्याची शेवटची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की हात थांबवा. मिश्रण घट्टच असतं. स्पॅच्युलावरून त्याची धार लागत नाही, गोळ्या-गोळ्यांनी धपकन पडतं. इथे दूध घालून सैल करायचा मोह होतो. घालू नका.

३८ ते ४५ मिनिटं. दहा मिनिटं टिनमध्येच राहू द्या, मग जाळीवर काढा. गरम असताना कापू नका असं मी लिहिणार आणि तुम्ही कापणार, तेव्हा असो.

सायसाखर

कृती छान, आणि ग्रॅममध्ये दिलीत म्हणून खास आभार. सॉस बाटलीतला विकतचा चालेल का? आटवत बसायचा कंटाळा आहे.

दालचिनीची काडी

चालेल की. फक्त बाटलीवर साखर घातलीय का ते बघा. घातली असेल तर केकमधली साखर ३०-४० ग्रॅम कमी करा. आणि विकतचा सॉस बहुतेक वेळा पातळच असतो. तो पसरट पॅनमध्ये पाच-सात मिनिटं आटवा, गार झाल्यावर वजन करा, मग घाला. तेवढा कंटाळा सोडावा लागेल.

नवशिका

ताई, मी अशाच एका कृतीने केला होता. वरून सुरेख फुगला, रंगही आला, पण खालचा बोटभर थर चिकट आणि ओलसर, कच्च्यासारखा. सुरी घातली की सुरीला चिकटतो. सुई मात्र स्वच्छ बाहेर आली होती! काय चुकलं असेल?

दालचिनीची काडी

सॉस किती घट्ट होता? आणि कपाने मोजलात की वजनाने?

नवशिका

कपाने. बाटलीतून थेट. आटवला वगैरे नव्हता.

आम्ल-विम्ल

मग तिथेच आहे घोटाळा. साध्या ॲपलसॉसमध्ये ८८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दीड कप सॉस म्हणजे जवळजवळ सव्वातीनशे ग्रॅम पाणी, वर अंड्यांचं आणखी. २५० ग्रॅम मैद्याला हे झेपायच्या सीमेवर आहे. पातळ सॉस असेल तर जड मिश्रण खाली बसतं, वरचा भाग फुगून घट्ट होतो आणि तळाला एक चिकट पट्टा राहतो. त्यात कपाने मैदा मोजला की हात हलका असला तर ११० ग्रॅम, दाबून भरला तर १५०. दोन कपांना किती फरक पडला बघा.

दुसरं म्हणजे सुई. या केकमध्ये सुईवर फार विसंबू नये. सुई तळापर्यंत गेली नाही, किंवा बाहेर येताना वरच्या शिजलेल्या भागात पुसली गेली, तरी स्वच्छच दिसते. थर्मामीटर असेल तर मधोमध खुपसून बघा, ९६ ते ९८ अंश आले की झाला. नसेल तर मधे बोटाने हलकेच दाबा. खळगा पडून तसाच राहिला तर अजून हवा, उसळून वर आला तर झाला. कडांनी टिन जरा सोडलेला असतो, तेही बघा.

नवशिका

दाबून बघायचं सुचलंच नव्हतं. टिन काळ्या रंगाचा आहे, त्याचा संबंध असेल का?

आम्ल-विम्ल

आहे, पण उलट्या बाजूने. काळा टिन उष्णता जास्त शोषतो, त्यामुळे कडा आणि तळ लवकर लाल होतात आणि मधला भाग मागे राहतो. बाहेरून झालेला बघून आपण लवकर काढतो. १०-१५ अंश कमी ठेवा आणि वेळ पाच मिनिटं वाढवा.

उंटावरचा शहाणा

११० ग्रॅम तेल? मग सॉस घालायचा उपयोग काय! सॉसचा केक म्हणजे तेलाऐवजी सॉस. तेल पूर्ण काढा, तेवढाच सॉस वाढवा, केक तितकाच ओलसर होतो. जगभर लोक करतात.

जिभेचे चोचले

आलेच उंटावरून.

आम्ल-विम्ल

करतात, हे खरं. ओलसर होतो, हेही खरं. पण ओलसर आणि मऊ यांत फरक आहे, शहाणेसाहेब. मैद्यातली प्रथिनं पाण्यात भिजली आणि ढवळली गेली की ग्लूटेन तयार होतं. तेल त्या कणांवर लेप धरतं आणि ग्लूटेनच्या लांब साखळ्या जुळू देत नाही, म्हणून केकचा घास तोंडात सहज फुटतो. तुम्ही तेल काढून सॉस घातलात म्हणजे लेप काढलात आणि वर पाणी ओतलंत. सॉसमधलं पेक्टिन आणि तंतू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे केक कोरडा पडत नाही, पण चावताना रबर लागतं.

निम्मं तेल निम्मा सॉस, इथवर काही बिघडत नाही. म्हणजे ५५ ग्रॅम तेल ठेवा आणि काढलेल्या ५५ ग्रॅमच्या जागी सॉस फक्त ३०-३५ ग्रॅम वाढवा. तेलात पाणी नसतं आणि सॉस बहुतेक पाणीच आहे, म्हणून वजनाला वजन बदलायचं नाही.

उंटावरचा शहाणा

रबर बिबर काही लागत नाही. आमच्याकडे सगळे आवडीने खातात. तुमच्या जिभा तेलाला सोकावल्यात.

सायसाखर

शहाणेदादा, केक केल्या केल्या खाता की दुसऱ्या दिवशी?

उंटावरचा शहाणा

दुसऱ्या दिवसापर्यंत उरतो कुठे.

सायसाखर

मग बरोबर आहे. बिनतेलाचा केक गरमागरम चांगलाच लागतो. दुसऱ्या दिवशी बघा, वरचं कवच चिकट होतं आणि आतून घट्ट येतो. तेलाच्या केकचं नेमकं उलट, तो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला. ओल सगळीकडे सारखी पसरते आणि दालचिनी-जायफळाचा वास मुरतो.

दालचिनीची काडी

सायसाखरला अनुमोदन. शहाणेदादा, तुम्हाला तेल कमीच हवं असेल तर आम्ल-विम्लचं निम्मं-निम्मं करून बघा. पूर्ण काढलेला मला तरी आवडत नाही, आणि माझ्या धाग्यात तेल राहणार. :)

चिमूटभर मीठ

एक शंका. जुन्या कृतींमध्ये नुसता सोडा असतो, एक टीस्पून, कधी दीडसुद्धा. तुम्ही सोडा अर्धा आणि वर बेकिंग पावडर, असं का? सफरचंद आंबट असतंच ना?

आम्ल-विम्ल

हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे लांबण लागेल.

सफरचंदातलं मुख्य आम्ल म्हणजे मॅलिक आम्ल. पिकलेल्या फळात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, जातीनुसार कमी-जास्त. ३७० ग्रॅम सॉस म्हणजे पावणेदोन-दोन ग्रॅम आम्ल धरा. एक ग्रॅम मॅलिक आम्ल साधारण सव्वा ग्रॅम सोड्याला पुरतं. म्हणजे हा सॉस सव्वादोन-अडीच ग्रॅम सोडा संपवणार, आणि अर्धा टीस्पून सोडा भरतो जवळपास तेवढाच. धागाकर्तीचं प्रमाण तिथे अचूक बसतं.

एक टीस्पून घातला तर उरलेला निम्मा सोडा आम्लाशिवाय राहतो. ओव्हनच्या उष्णतेने त्याचं विघटन होऊन थोडा वायू सुटतो, पण मागे सोडियम कार्बोनेट उरतं, आणि ते साबणासारखं लागतं. जुन्या कृतींमध्ये ते खपून जातं, कारण ब्राऊन शुगर किंवा मोलॅसिस असतं, त्यांचं थोडं आम्ल मदतीला येतं, शिवाय मसाला झणझणीत. एक फायदा मात्र आहे. जास्तीच्या सोड्याने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि रंग गडद येतो. त्या कृतींचे केक चॉकलेटी दिसतात ते नुसत्या दालचिनीमुळे नव्हे.

बेकिंग पावडरमध्ये आम्ल तिचं तिनेच आणलेलं असतं, त्यामुळे ती फळाच्या आंबटपणावर अवलंबून नाही. तुमची सफरचंदं गोडमिट्ट असली तरी फुगण्याची हमी राहते.

चिमूटभर मीठ

कळलं. म्हणजे मिश्रण करून टिन तासभर ओट्यावर ठेवायचा नाही, हेही त्यातूनच आलं.

आम्ल-विम्ल

अगदी. सोडा-आम्ल भेटले की वायू लगेच सुटतो, तो ओव्हनची वाट बघत नाही. बेकिंग पावडरचा काही भाग उष्णतेसाठी राखून असतो, म्हणून पाच-दहा मिनिटं निभावतात. ओव्हन आधी तापवा, मिश्रण नंतर करा. आणि डबा जुना असेल तर सोड्याच्या चिमटीवर व्हिनेगर टाकून बघा, खळखळून फेस यायला हवा. बेकिंग पावडरला व्हिनेगर नको, गरम पाणी टाकून तपासायची.

गोडघाशी

कुठली सफरचंदं घ्यावीत? मी ग्रॅनी स्मिथ घेतली तर अर्धा तास शिजवूनही फोडी दिसतच होत्या.

दालचिनीची काडी

ग्रॅनी स्मिथ आंबट म्हणून चवीला फार छान, पण फोडीचा आकार धरून ठेवते. पायमध्ये तेच हवं असतं. सॉससाठी मॅकिंटॉश मिळाली तर बघायला नको, आपोआप विरघळते. ब्रॅमली तर शिजून फेसच होते, पण तीही चांगलीच आंबट, चव बघून साखर थोडी वाढवा. ग्रॅनी स्मिथच हातात असेल तर फोडी लहान करा आणि शेवटी हँड ब्लेंडर फिरवा. गोड जात असेल तर सॉसमध्ये लिंबाचा रस टीस्पूनभर. मी दोन जाती मिसळते, एक आंबट आणि एक गोड.

साल काढायचा कंटाळा असेल तर सालासकट शिजवून चाळणीतून घासून घ्या. लाल सालीची असतील तर सॉसला गुलाबी झाक येते. केकमध्ये ती दिसत नाही, पण पातेल्यात बघायला मजा येते.

सायसाखर

अंडं न घालता? सॉस हाच अंड्याला पर्याय, पाव कप म्हणजे एक अंडं, असं सगळीकडे वाचते. मग यात अर्धा कप सॉस वाढवू?

दालचिनीची काडी

नको! पाव कपाचा तो हिशोब दुसऱ्या केकसाठी, ज्यात सॉस आधी नसतो. इथे आधीच काठोकाठ आहे. आणखी अर्धा कप घातलात की नवशिका यांचा चिकट थर तुमच्याकडे मुक्कामाला.

जवसाची पूड १ टेबलस्पून आणि पाणी ३ टेबलस्पून दहा मिनिटं भिजवून ठेवा, बुळबुळीत होतं. ते एका अंड्याऐवजी. दुसऱ्या अंड्याऐवजी काही घालू नका. केक थोडा बसका होतो, वडी मात्र नीट कापली जाते. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, इथे मी खरंच म्हणतेय.

जिभेचे चोचले

अवांतर: बिनअंड्याचा आणि बिनलोण्याचा ॲपलसॉस केक ही काही आजची टूम नाही. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा हर्बर्ट हूवर यांच्या हाताखाली तिथे अन्न प्रशासन स्थापन झालं. गहू, साखर, चरबी वाचवा आणि युरोपला पाठवा, असा प्रचार घरोघरी चालला. त्या काळात लोणी-अंडी-साखर कमी लागणारे केक करणं देशभक्तीचं मानलं जाई, आणि त्यात ॲपलसॉस केक पुढे होता. सॉसमुळे ओल येते, गोडवा येतो, बांधून धरायलाही थोडी मदत. शहाणेदादांचा पक्ष तेवढा जुना आहे म्हणायचा.

उंटावरचा शहाणा

बघा!

आम्ल-विम्ल

युद्ध चालू असेल तर मीही तेल काढेन.

गोडघाशी

:D

साखर किती कमी करता येईल? १७५ मला जास्त वाटते. (आयडी बघून हसू नका.)

दालचिनीची काडी

१२५ पर्यंत बिनधास्त. त्याखाली गेलात की फक्त गोडी कमी होत नाही. साखर पाणी धरते, ग्लूटेनला आवर घालते आणि कवचाला रंग देते. १०० ग्रॅमवर केक फिकट आणि पावासारखा होतो. मनुका घालणार असाल तर त्यांची गोडीही धरा.

नवशिका

मनुका तळाशी जाऊन बसतात त्याचं काय? मैद्यात घोळवल्या होत्या, तरी गेल्या.

दालचिनीची काडी

घोळवण्याने फारसं काही होत नाही. मिश्रण घट्ट असेल तर त्या आहेत तिथेच राहतात, सैल असेल तर कितीही घोळवा, बुडणारच. फार टपोऱ्या असतील तर चिरून घाला.

चिमूटभर मीठ

मैद्याऐवजी कणीक?

दालचिनीची काडी

निम्मी. कणकेतला कोंडा पाणी जास्त पितो, त्यामुळे चिकट थराची भीती उलट कमी होते. मिश्रण टिनमध्ये घातल्यावर दहा मिनिटं थांबून मग ओव्हनमध्ये ठेवा, कोंडा भिजतो. पूर्ण कणकेचा केक जड होतो. मला चालतो, पाहुण्यांना देणार नाही.

सायसाखर

केला! आटवलेल्या सॉसचा, तेल पूर्ण, अंडी दोन. ४२ मिनिटं लागली. मधे दाबलं तर उसळून आलं. कडेची वडी जास्त आवडली, तिथे कवच जरा कुरकुरीत आहे. वरून पिठीसाखर भुरभुरवली होती, ती मात्र अर्ध्या तासात गायब. ओला डाग तेवढा राहिला.

जिभेचे चोचले

केकच ओलसर आहे, साखर विरघळणारच. पुढ्यात ठेवायच्या क्षणी भुरभुरवायची. किंवा टिन ओव्हनमध्ये घालण्याआधी मिश्रणावरच जाडी साखर आणि दालचिनी पेरा, भाजताना तिचं कुरकुरीत कवच होतं. क्रीम चीजचं फ्रॉस्टिंगही जमतं याच्यावर, पण मग तो साधा केक राहत नाही.

सायसाखर

जाडी साखर लक्षात ठेवते. उरलेला बाहेर किती दिवस टिकेल?

दालचिनीची काडी

हवाबंद डब्यात दोन दिवस. हवा दमट असेल तर एकच, ओलसर केकला बुरशी लवकर धरते. मग फ्रिजमध्ये, चार-पाच दिवस. खाण्याआधी बाहेर काढून ठेवा, थंडगार वडीला मसाल्याचा वास येत नाही. फ्रीझरमध्ये एकेक वडी घट्ट गुंडाळून ठेवलीत तर तीन महिने आरामात, आणि सोडवताना गुंडाळी काढायची नाही, म्हणजे पाणी वडीवर न जमता बाहेरच्या बाजूला जमतं.

गोडघाशी

आणि नुसता सॉस फ्रीझ केला तर? सफरचंदं पुष्कळ आहेत, एकदमच शिजवून ठेवीन म्हणते.

दालचिनीची काडी

जरूर. ३७० ग्रॅमची पाकिटं करा, एक पाकीट एक केक. सपाट करून गोठवा, लवकर सुटतात. सुटल्यावर त्यातून पाणी वेगळं होतं, ते तसंच ढवळून घालू नका. पुन्हा पातेल्यात घेऊन दोन-चार मिनिटं आटवा आणि गार करा. वजन थोडं कमी भरेल, म्हणून पाकिटं ४०० ग्रॅमचीच केलीत तर उत्तम.